निरीक्षण म्हाताऱ्याचें, यंत्र नातवाचें



निवृत्त मनुष्याच्या वर्षांत नोव्हेंबर महिना मोठ्या गमतीचा असतो. या महिन्यांत त्यास दोन कामें करावयाचीं असतात. एक, आपण अद्याप जिवंत आहों हें सरकारास पटवून देणें. आणि दुसरें, आवड असल्यास, ५ पासून १२ तारखेपर्यंत पक्षी पाहणें. पहिल्यास हयातीचा दाखला म्हणतात, दुसऱ्यास पक्षी सप्ताह. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर, म्हणून महाराष्ट्र शासनानें २०२० सालीं हा सप्ताह पाळण्यास आरंभ केला. दोन्ही कामें आतां यंत्रावर करतां येतात, आणि मौज अशी कीं दोन्ही ठिकाणीं म्हाताऱ्याची अडचण त्याच्या बोटाशींच येऊन थांबते. आयुष्यभर खडू, कुदळ किंवा वल्हें धरून ज्यांवरील रेषा झिजल्या तीं बोटें हयातीच्या यंत्रास ओळखूं येत नाहींत. मोबाइलच्या कांचेची तऱ्हाहि तीच. तिला स्पर्श कळतो तो त्वचेच्या अंगीं असलेल्या वीज वाहण्याच्या गुणावरून; कोरड्या, सुरकुतलेल्या कातडीचें बोट तिच्या लेखीं जवळजवळ लांकडाची काडी.

हयातीच्या दाखल्याचें यंत्र २०१४ च्या नोव्हेंबरांत सुरू झालें. बोटें झिजलेल्यांची अडचण लक्षांत येऊन २०२१ मध्यें चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय निघाली. तेथें पेन्शनचा प्रश्न होता. पक्षी पाहण्याच्या, झाडांच्या बहराची वा पावसाची नोंद करण्याच्या कामांत कोणाचा पैसा अडत नाहीं; म्हातारा अडला तर तो मुकाट्यानें घरीं जातो, एवढेंच होतें. आज मी बोलणार आहें तें या मुकाट्यानें घरीं जाणाऱ्यांविषयीं, आणि त्यांच्याबरोबर दुसरें काय घरीं जातें त्याविषयीं.

ज्या उद्योगास हल्लीं नागरिक-विज्ञान म्हणतात त्याचें नांव नवें असलें तरी वस्तु जुनी आहे. ज्यांचा चरितार्थ विज्ञानावर नाहीं अशा माणसांनीं नियमानें निरीक्षण करावें, तें टिपून ठेवावें आणि शास्त्रज्ञांनीं त्याचा उपयोग करावा, एवढाच त्याचा अर्थ. इंग्लंडांतील नॉरफोक परगण्यांत रॉबर्ट मार्शम नांवाचा एक जमीनदार होता. त्यानें १७३६ सालीं झाडांची पालवी, फुलें, बेडकांचा आवाज, पाकोळ्यांचें येणें यांच्या तारखा लिहावयास घेतल्या आणि १७९७ सालीं वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षीं तो वारला तोंपर्यंत हें काम सोडलें नाहीं. त्याच्या घराण्यानें तें पुढें १९५८ पर्यंत चालविलें. आमच्याकडे मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १५ सप्टेंबर १८८३ रोजीं आठ गृहस्थांनीं मिळून स्थापिली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते, आणि दोघांचाहि धंदा वैद्यकीचा. अमेरिकेंत १९०० सालच्या नाताळच्या दिवशीं फ्रँक चॅपमन यांच्या सांगण्यावरून सत्तावीस माणसांनीं पक्षी मोजले. ती मोजणी अजून दरवर्षीं चालू आहे. या सर्वांस लागलें काय? डोळे, कान, कागद, पेन्सिल आणि चिकाटी. यांपैकीं पहिल्या दोहोंस वय बाधतें. उरलेल्या तिहींत म्हातारा तरुणापेक्षां उणा पडण्याचें कारण नाहीं, आणि चिकाटींत तर तो काकणभर सरसच.

आतां सांप्रतचें चित्र पाहूं. ई-बर्ड हें पक्ष्यांच्या नोंदींचें मोठें दप्तर अमेरिकेंत २००२ सालीं उघडलें. आपल्या देशांत २००७ च्या जुलैमध्यें मायग्रंटवॉच या उपक्रमानें हिवाळी पाहुण्या पक्ष्यांच्या आगमनाच्या तारखा लोकांकडून मागविण्यास सुरुवात केली, आणि पुढें २०१३-१४ पासून ई-बर्डाचा प्रसार येथें झपाट्यानें झाला. त्याचें फळ मोठें आहे. तें मी मुळींच कमी लेखीत नाहीं. २०२३ सालीं भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला तो तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या सुमारें तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यांत ९४२ जातींचा विचार केला आहे. एवढें काम पगारी नोकरांकडून करवून घ्यावयाचें म्हटलें असतें तर कोणत्या खजिन्यास तें परवडलें असतें?

परंतु त्याच अहवालांत एक आंकडा असा आहे कीं ज्यावर मी वारंवार येऊन अडखळतों. ९४२ जातींपैकीं दीर्घ काळांतला चढउतार सांगण्याइतकी माहिती ३३८ जातींचीच मिळाली. या ३३८ पैकीं २०४ जाती घटल्या आहेत, ही गोष्ट वर्तमानपत्रांत ठळक आली. आणि येणें योग्यच होतें. पण उरलेल्या सहाशें जातींचें काय? त्या घटल्या कीं वाढल्या हें दीर्घ मुदतीचें माप लावून सांगतां येत नाहीं, कारण २००० सालापूर्वींच्या नोंदी पुरेशा नाहींत. ज्यांनीं तो काळ उघड्या डोळ्यांनीं पाहिला ते लोक अजून हयात आहेत. त्यांतले कित्येक याच क्षणीं रेडिओ ऐकत असतील, कारण रेडिओ लावण्यास परवलीचा शब्द लागत नाहीं.

गिधाडांचें उदाहरण घ्या. पांढऱ्या पाठीचें गिधाड १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत आपल्या देशांतून शेंकडा नव्याण्णवांहून अधिक नाहींसें झालें. गुरांना देण्यांत येणारें डायक्लोफिनॅक हें वेदनाशामक औषध त्याच्या मुळाशीं आहे, हें २००४ सालीं सिद्ध झालें आणि २००६ मध्यें गुरांसाठीं त्या औषधावर बंदी आली. म्हणजे मोबाइलवरून नोंदी करणारी पिढी मैदानांत उतरली तेव्हां हें नाटक संपून पडदा पडला होता. आमच्या सातिवलीच्या आज वीस वर्षांच्या मुलास विचारा. गिधाड हा त्याच्या दृष्टीनें पुस्तकांतला पक्षी आहे. तें नाहीं याचें त्यास दुःख नाहीं, कारण तें होतें हेंच त्यास ठाऊक नाहीं. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञानें १९९५ सालीं मासळीच्या संबंधांत हेंच दाखवून दिलें कीं, प्रत्येक पिढी आपल्या उमेदींत जें पाहते तेंच मूळ भांडवल समजते आणि तेथून पुढची तूटच तेवढी मोजते. मागची तूट कोणाच्याच हिशेबांत येत नाहीं. मागची पाटी पुसून नवा हिशेब मांडल्यासारखें हें आहे.

माझें गांव वसईच्या पूर्वेस, अहमदाबादच्या महामार्गाच्या अंगाला, तुंगारेश्वरच्या डोंगराच्या बाजूस आहे. डोंगराला २००३ सालीं अभयारण्याचा दर्जा मिळाला, पायथ्याला गाळ्यांचा. गाळे म्हणजे कारखान्यांचे गाळे. मुंबईकरांस वसई म्हटलें कीं पश्चिमेकडच्या वाड्या, बावखलें, केळीं आणि किल्ला आठवतो. आम्ही पूर्वेचे लोक त्या चित्रांत सहसा बसत नाहीं. पण पळस, पांगारा आणि काटेसावर आमच्याकडे फुलते, आणि जूनच्या तोंडीं नवरंग पक्ष्याची दुहेरी शीळ डोंगराच्या उतारावरून खालीं ऐकूं येते. निदान येत असे. "येत असे" आणि "येते" या दोन क्रियापदांमधलें अंतर मोजावयाचें कोणी, हाच माझा प्रश्न आहे.

मी स्वतः प्राथमिक शाळेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आमच्या वेळच्या भाषेंत एस. एस. सी., आणि वर मास्तरकीचा अभ्यासक्रम. विज्ञान मीं शिकविलें तेवढेंच शिकलों. परंतु हजेरीपट भरण्याचा सराव पस्तीस वर्षांचा असल्यामुळें १९८६ सालापासून मीं पक्ष्यांचा व झाडांचाहि हजेरीपट ठेवीत आलों. त्यांत हजर जसा लिहिला जातो तसा गैरहजरहि लिहिला जातो. हें मी बढाई म्हणून सांगत नाहीं. ई-बर्डावर यादी देतांना एक प्रश्न विचारतात: आपण ओळखलेले सर्व पक्षी या यादींत आले आहेत काय? नव्या माणसास हा प्रश्न निरर्थक वाटतो. पण मास्तरास त्याचा अर्थ तत्काळ कळतो. ज्या पटावर फक्त हुशार मुलांचीच नांवें मांडलीं आहेत त्यावरून वर्गांत कोण आलें नव्हतें हें कसें समजणार? अमुक दिवशीं, अमुक वेळीं, इतका वेळ, इतकें अंतर चाललों, आणि यांत धोबी दिसला नाहीं, हीहि नोंदच होय. पुष्कळ वृद्धांना हें एकदां समजावून सांगितलें कीं पुरतें. यंत्र मात्र त्यांना तेथपर्यंत पोंचूंच देत नाहीं.

कसें पोंचूं देत नाहीं, तें जरा तपशिलानें सांगतों. कारण तरुण मंडळी "सोपें आहे हो काका, शिकलं की येतं" असें म्हणून मोकळी होतात.

आमच्या गांवांत देवळाच्या कट्ट्यावर रविवारीं सकाळीं पांच-सहा वडीलधारीं माणसें जमतात. एक एस. टी. तून निवृत्त झालेले वाहक आहेत, दोघे शेतकरी, एक वारली आजी आहेत कीं ज्यांना डोंगरांतलें प्रत्येक झाड त्याच्या सालीवरून ओळखतां येतें. दोन वर्षांपूर्वीं एका संस्थेकडून एक उत्साही तरुण आम्हांस मोबाइलवर नोंदी करण्यास शिकविण्यासाठीं आला. मुलगा गुणी होता, विनयशील होता, आणि त्याचा वेग आगगाडीचा होता. पहिल्या पायरीसच ई-मेल मागितली. वाहकसाहेबांची ई-मेल मुलानें उघडलेली. तिचा परवलीचा शब्द मुलास ठाऊक, आणि मुलगा पुण्यास. दुसरे एक जण आपला ओटीपी सुनेच्या मोबाइलवर येतो असें म्हणाले, आणि सूनबाई गाळ्यांत कामावर गेलेल्या. तिसऱ्यांची ई-मेल सांपडली, पण खात्रीसाठीं आलेला आंकडा वहींत उतरवून घेऊन चष्मा बदलून तो टाइप करीपर्यंत मुदत संपली. पुनः दुसरा आंकडा. पुनः मुदत संपली. परीक्षेला बसलेल्या मुलासहि आम्ही याहून अधिक वेळ देत असूं.

पुढें स्थान दाखविण्याची परवानगी मागणारी पाटी आली, आणि तेथें सर्वच थांबले. याचें कारण ऐकण्यासारखें आहे. गेलीं कांहीं वर्षें घरोघरचीं मुलें आईबापांना बजावीत आहेत कीं कोठलीहि पाटी आली तर दाबूं नका, कोणी विचारलें तर "नाहीं" म्हणा. २०२४ च्या ऑक्टोबरांत खुद्द पंतप्रधानांनीं आकाशवाणीवरून 'मन की बात'मध्यें डिजिटल अटकेच्या फसवणुकीपासून सावध राहण्यास सांगितलें. म्हाताऱ्यांनीं तें मनापासून ऐकलें. आणि आतां तोच मोबाइल हातांत देऊन आपण त्यांना म्हणतों, "हो म्हणा, काहीं होत नाहीं." वारली आजींनीं त्या तरुणास विचारलें, "बाबा, पाखरू पाह्यलं त्ये सांगाया माझं घर कुठं हाय त्ये कशापायी?" प्रश्न अडाणी नव्हता. स्थान कळल्यावांचून नोंदीस किंमत नाहीं, हें त्याचें उत्तर आहे आणि तें सोपें आहे. पण त्या पाटीवर तें लिहिलेलें नव्हतें, आणि जें लिहिलें होतें तें इंग्रजींत होतें.

भाषेचा मुद्दा निघालाच आहे तर बोलून टाकतों. ई-बर्डावर पक्ष्यांचीं नांवें मराठींत दिसण्याची सोय आहे. करणाऱ्यांचे आभार मानले पाहिजेत. पण ग्रंथांतलें मराठी नांव आणि गांवांतलें नांव पुष्कळदां निराळें असतें, आणि वारल्यांच्या, कोळ्यांच्या, सामवेदींच्या बोलींतलें तर अगदींच निराळें. चितमपल्लींनीं रानावनांतून फिरून आदिवासींच्या तोंडचीं नांवें गोळा केलीं, त्यांचे कोश केले, तें काम किती दूरदृष्टीचें होतें हें अशा वेळीं कळतें.

शरीराच्या मर्यादांविषयीं मात्र आम्हीं वृद्धांनीं प्रामाणिक असलें पाहिजे. वाढत्या वयांत ऐकूं येणें कमी होतें तें वरच्या पट्टींतल्या, बारीक आवाजांपासून. घरांतलें बोलणें ठीक ऐकूं येतें म्हणून आपले कान शाबूत आहेत अशी समजूत होते, आणि फुलटोच्याचा बारीक चिकचिकाट केव्हांच कानाआड गेलेला असतो. डोळ्याचें भिंग पिवळट होत जातें, त्यामुळें निळ्या-हिरव्या छटा एकमेकींत मिसळतात. तेव्हां "पूर्वीं फुलटोचे पुष्कळ होते, आतां राहिले नाहींत" असें सत्तरीच्या गृहस्थांनीं म्हटलें तर पक्षी कमी झाला कीं कान, हें आधीं तपासावें लागतें. याचा उपाय म्हाताऱ्यास वगळणें हा नव्हे. नोंद पाहून केली कीं ऐकून केली तें लिहावें, निरीक्षकाचें वय लिहावें, आणि बारीक आवाजाच्या पक्ष्यांबाबत त्याच्या "नाहीं"वर विसंबूं नये. त्याच्या "आहे"वर विसंबण्यास हरकत नाहीं.

"मग नातवाला सांगा ना!" हें उत्तर सर्वांच्या जिभेवर तयार असतें. नातू करतो, नाहीं असें नाहीं. पण नोंद जाते ती नातवाच्या नांवावर. ज्यानें पाहिलें त्याचें नांव कोठेंच नाहीं, आणि ज्याचें नांव आहे तो त्या वेळीं झोपला होता. ही केवळ मानापमानाची गोष्ट नव्हे. उद्यां एखाद्या संशोधकास शंका आली तर तो कोणास विचारणार? शिवाय नातवाची सहामाही परीक्षा आली, कीं पक्ष्यांनीं येणें थांबविलें असा त्या नोंदींचा अर्थ निघतो.

कायद्यानें एक मार्ग दाखविला होता, त्याचाहि उल्लेख करावयास हवा. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणें प्रत्येक ग्रामपंचायतींत व नगरपालिकेंत समिती असावी आणि तिनें गांवकऱ्यांच्या विचारानें लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी असें आहे. या कल्पनेमागें माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांचे परिश्रम होते, आणि तींत जाणत्या वृद्धांच्या ज्ञानाला पहिलें पान होतें. पुढें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०२० च्या जानेवारीअखेरची मुदत घातली, तेव्हां कित्येक ठिकाणीं त्या वह्या घाईघाईनें भरल्या गेल्या. घाईनें भरलेली वही म्हणजे तपासनीस साहेब येणार म्हणून आदल्या रात्रीं लिहिलेली टांचणवही. मास्तर मंडळींस अधिक सांगणें न लगे.

याहून मला उमेद येते ती एका परदेशच्या हकीकतीनें. इंग्लंडांत शेंकडों वर्षें पाळक, शिक्षक, माळी, जमीनदार आपापल्या अंगणांत पाऊस मोजून लिहीत आले होते. असे सुमारें पासष्ट हजार हस्तलिखित तक्ते तेथील हवामान खात्याच्या दप्तरांत पडून होते; सर्वांत जुनी नोंद १६७७ सालची. २०२० च्या मार्चमध्यें टाळेबंदी झाली तेव्हां रेडिंग विद्यापीठाचे एड हॉकिन्स यांनीं लोकांस आवाहन केलें कीं, घरीं बसलांच आहांत तर या तक्त्यांचीं छायाचित्रें पाहून आंकडे उतरवून द्या. सोळा हजार माणसें पुढें आलीं आणि सोळा दिवसांत बावन्न लाखांहून अधिक आंकडे उतरवून झाले. पाहणारा एक, उतरविणारा दुसरा, आणि मध्यें कांहीं ठिकाणीं शंभर-दीडशें वर्षांचें अंतर. तरी काम झालें, कारण मूळ कागद टिकले होते. मूळ नोंदणाऱ्यास कोणी ई-मेल विचारली नव्हती.

पावसाचीच गोष्ट आपल्याकडे किती महत्त्वाची आहे पाहा. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईंत कुलाब्यास अवघा ७३. दोन वेधशाळांच्या मध्यें कोठें किती पडला हें अंगणांतल्या मापकावांचून कळणार नाहीं. २०१८ च्या जुलैमध्यें वसई-विरार पाण्यांत होतें, मिठागरांत माणसें अडकलीं, गाड्या बंद पडल्या. त्या दिवसांत कोणत्या आळींत पाणी कितव्या पायरीपर्यंत चढलें हें म्हाताऱ्या माणसांइतकें नेमकें कोणीच सांगूं शकत नाहीं, कारण तीं पायरीवर बसून होतीं आणि आधींच्या पुरांचीं पाणीं कोठवर आलीं होतीं तें त्यांना पाठ होतें.

या विचारानें आम्हीं गेल्या वर्षापासून एक साधी व्यवस्था केली आहे. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर पांच रकाने: तारीख, वेळ, जागा, काय पाहिलें वा ऐकलें, किती. खालीं पाहणाऱ्याचें नांव. लिहितां येत नसेल तर दुसरा लिहितो आणि वाचून दाखवितो. महिन्यांतून एकदां गांवांतलीं नववीचीं चार-पांच मुलें बसतात आणि कार्डें मोबाइलवर चढवितात. ज्यांनीं स्वतः पाहिलें त्यांच्या स्वतःच्या नांवाचें खातें उघडून दिलें आहे, आणि परवलीचे शब्द एका जुन्या हजेरीपटाच्या मागें लिहून कुलुपांत ठेवले आहेत. हें सुरक्षेच्या शास्त्राविरुद्ध आहे असें मुलें म्हणतात. असेल. पण तिजोरीची किल्ली हरविण्यापेक्षां ती देव्हाऱ्यांत सांपडलेली बरी.

या बैठकींतून जी गोष्ट अनपेक्षितपणें हातीं आली ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. एका मुलीनें वारली आजींना विचारलें, "आजी, गिधाडं शेवटची कुठल्या साली बघितलीत?" आजींना साल कसलें माहीत असणार? त्या नुसत्या हसल्या. मग त्या मुलीनें आपण होऊन प्रश्न बदलला. धाकट्या लेकीचं लग्न झालं होतं का तेव्हां? नव्हतं. किल्लारीचा भूकंप झाल्याचं ऐकलंत त्याच्या आधीं कीं नंतर? नंतर. मोठा पूर आला, २००५ चा, तेव्हां होतीं का? छे, तेव्हां कुठलीं. असें करतां करतां १९९३ च्या सप्टेंबरानंतर आणि धाकटीच्या लग्नापूर्वीं, म्हणजे चार-पांच वर्षांच्या अंतरांत आम्ही येऊन पोंचलों. मग दोन शेतकऱ्यांना निरनिराळे बसवून तेच प्रश्न केले. त्यांचींहि उत्तरें त्याच सुमारास आलीं, आणि मेलेलीं ढोरें टाकण्याची जागा तिघांनींहि एकच दाखविली. शिरगणतीचे लोक अडाणी माणसाचें वय अशाच रीतीनें काढीत. तींच तीन उत्तरें देशभराच्या आंकड्यांशीं जुळावींत, याचें मला आश्चर्य वाटलें नाहीं. आश्चर्य वाटलें तें याचें कीं पस्तीस वर्षें त्याच गांवांत राहून कोणीं त्या तिघांना हा प्रश्न विचारलाच नव्हता.

शास्त्रज्ञ यावर आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. स्मरण म्हणजे नोंद नव्हे. म्हातारपणीं जुना काळ सोनेरी दिसतो. पूर्वींचा पाऊस अधिक, पूर्वींचे आंबे गोड. म्हणून आम्हीं दोन गठ्ठे निराळे ठेवले आहेत: ज्याच्या मागें त्याच दिवशीं लिहिलेला कागद आहे तो एक, आणि आठवणीवरून सांगितलेला दुसरा. पहिल्या गठ्ठ्यांतलें ई-बर्डावर जुन्या नोंदींच्या प्रकारांत जातें. दुसरा गठ्ठा सध्यां आमच्याजवळच आहे. त्यास कोठें जागा मिळते तें पाहावयाचें आहे. मिळाली पाहिजे, असें माझें मत आहे.

यंत्रें तयार करणाऱ्या मंडळींस माझी एक-दोनच विनवणी आहे. अक्षरें मोठीं करण्याची सोय बहुतेक ठिकाणीं आहे. ती सांपडते मात्र लहान अक्षरांत. ती पहिल्याच पानावर आणावी. सूचना मराठींत, आणि बोलक्या असाव्यात. आणि कृपा करून दर दोन महिन्यांनीं बटणांच्या जागा बदलूं नयेत. वाण्यानें दर आठवड्याला साखरेचा डबा नव्या फळीवर ठेवला तर चार दिवसांत गिऱ्हाईकाला वाटूं लागतें कीं आपलीच बुद्धि भ्रमली. वृद्ध माणूस यंत्रावर रागावत नाहीं, तो स्वतःला मूर्ख समजतो आणि उठून जातो. २०११ च्या शिरगणतींत साठी उलटलेले लोक आपल्या देशांत दहा कोटींवर होते, आणि ती संख्या तेव्हांपासून वाढतच आहे. त्यांतील शंभरांत एकानें जरी आठवड्याला एक कार्ड लिहिलें तरी तीं दहा लाख कार्डें होतात.

आणि श्रोत्यांसाठीं एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरावर दुधाचा हिशेब आणि गॅसच्या टाकीची तारीख लिहिण्याची चाल आहे. त्याच चौकोनांत कित्येक घरीं "पहिला पाऊस", "विहीर भरली", "आंब्याला मोहर" असेंहि लिहिलेलें असतें. आमच्या शेजारचे एक वृद्ध शेतकरी वारल्यावर त्यांच्या माळ्यावर अशीं कॅलेंडरें सांपडलीं, १९९४ पासूनचीं, सुतळीनें बांधलेलीं. रद्दीवाला दारांत उभा होता. प्रत्येक जूनमध्यें मृगाच्या चौकोनाजवळ विहिरीचें पाणी किती हात तें पेन्सिलीनें लिहिलेलें. दिवाळीच्या साफसफाईंत अशीं पानें आपल्याकडे निघालीं तर देण्यापूर्वीं उलटून पाहावींत, आणि निदान त्यांचीं छायाचित्रें तरी घेऊन ठेवावींत. हें काम नातू आनंदानें करतो, कारण त्यास परवलीचा शब्द लागत नाहीं. त्या गठ्ठ्यांतलीं पहिलीं सहा वर्षें आमचीं उतरवून झालीं आहेत. सातव्या वर्षाचें जूनचें पान उंदरानें खाल्लें आहे, तेथें आम्हीं कोराच रकाना ठेवला आहे. पुढचीं वर्षें मुलांची परीक्षा संपली कीं घेऊं.